अ‍ॅसटीगवर वीज आणि रस्ता का नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, आणि एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आधी मनापासून थँक्स. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की मेरीलँडच्या अ‍ॅसटीग बेटावरच्या ओशनसाइड वॉक-इन साइट्सचं, म्हणजे समुद्राकडच्या तंबूच्या जागांचं, मी नको तेवढं कौतुक केलं, तिथे ना वीज ना गरम पाणी, संडास फ्लशचे नाहीत, गाडी तंबूपर्यंत जात नाही, सावलीला एक झाड नाही, आणि अमेरिकेसारख्या देशात एवढी गैरसोय म्हणजे पार्कवाल्यांचं सरळसरळ दुर्लक्ष आहे. भारतातून आलेल्या आई-बाबांना तिथे न्यायचं म्हणजे त्यांचे हाल, त्यापेक्षा आपलं अलिबाग-काशीद बरं, तंबू लावून मिळतो आणि जेवणाचं ताटही हातात येतं. शिवाय बेटावरच्या जंगली घोड्यांना एखादं गाजर दिलं तर काय बिघडलं.

गैरसोयीची यादी सगळी बरोबर आहे, मी पण लेखात तीच लिहिली होती. पण दुर्लक्ष हा शब्द मला अजिबात पटत नाही.

हे बेट म्हणजे मुळात ३७ मैल लांबीची वाळूची पट्टी आहे, एका बाजूला अटलांटिक आणि दुसऱ्या बाजूला खाडी, आणि ही पट्टी एका जागी थांबत नाही. वादळात लाटा वरून जातात, समुद्राकडची वाळू उचलून खाडीकडे टाकतात, असं करत करत अख्खं बेट हळूहळू मुख्य जमिनीकडे सरकत असतं. १९३३च्या वादळाने तर उत्तरेकडचं ओशन सिटी शहर आणि अ‍ॅसटीगच्या मध्ये आरपार फट पाडली, ती फट उघडी राहावी म्हणून दगडी बांध घातले, त्या बांधांमुळे उत्तरेकडून येणारी वाळू अडली आणि बेटाचं उत्तर टोक आणखी पश्चिमेला सरकलं. आता अशा जमिनीवर विजेचे खांब कुठे रोवायचे?

आणि तुम्ही म्हणता तो प्रयोग तिथे झालेला आहे हो. १९५०च्या दशकात जवळजवळ १५ मैलांच्या पट्ट्यात प्लॉट पाडले होते, हजारो प्लॉट विकले गेले, बॉल्टिमोर बुलेवार्ड नावाचा डांबरी रस्ता झाला, काही घरंही उभी राहिली. मग मार्च १९६२ मध्ये अ‍ॅश वेन्सडेचं वादळ आलं, ते एक-दोन तासांत निघून जाणारं नव्हतं, पाच भरत्या होईपर्यंत किनाऱ्याला चिकटून बसलं. बहुतेक घरं गेली, रस्ता कुठे वाहून गेला तर कुठे वाळूखाली गाडला गेला. त्यानंतरच १९६५ मध्ये हा किनारा नॅशनल सीशोर, म्हणजे सरकारने राखलेला राष्ट्रीय किनारा, झाला. वादळ आलं नसतं तर आज तिथे दुसरी ओशन सिटी असती, हॉटेलांची रांग, आणि तुम्हाला-मला समुद्र बघायला हॉटेलची बाल्कनी भाड्याने घ्यावी लागली असती. पुन्हा गेलात तर लाइफ ऑफ द ड्यून्स नावाची छोटी पायवाट आहे तिथे नक्की जा. त्या रस्त्याचे तुकडे अजून वाळूतून वर आलेले दिसतात, मी वाकून हात लावून पाहिलाय, कड चिक्की तोडल्यासारखी खडबडीत, आणि पुढे नुसती वाळू आणि झुडपं.

म्हणून वॉक-इन. गाडी पार्किंगमध्ये ठेवायची आणि सामान शे-दोनशे फूट हाताने न्यायचं, एवढाच अर्थ आहे त्याचा, मैलभर ट्रेक नाहीये. तंबू आणि समुद्राच्या मध्ये वाळूच्या टेकड्यांची जी ओळ आहे ती गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली असते, त्या गवतावरून माणसं चालली तरी ते मरतं, मग गाड्यांचं काय बोलायचं. ती टेकडी गेली की पुढचं वादळ थेट तुमच्या कॅम्पसाइटवर. जे लवकर उभं करता येतं आणि लवकर काढून नेता येतं तेच तिथे टिकतं. तंबू म्हणूनच त्या बेटाला शोभतो, आणि हे मी कौतुक म्हणून नाही तर अगदी व्यवहाराचं म्हणून सांगतेय.

सामान न्यायचा त्रास होतो हे खरं, त्याला उपाय आहे. बारीक चाकांची वॅगन नेऊ नका, चाकं वाळूत रुततात आणि गाडी ओढण्यापेक्षा उचलणं सोपं वाटतं, रुंद चाकांची घ्या. तंबूबरोबर आलेले बारके पेग तिथे काहीच कामाचे नाहीत, दीड फुटाचे वाळूचे पेग लागतात, आणि तेही नसतील तर कापडी पिशवीत वाळू भरायची, दोरी तिला बांधायची आणि पिशवी हातभर खोल पुरून वरची वाळू पायाने दाबायची. वारा रात्री फिरतो, संध्याकाळी ज्या बाजूला दोरी ढिली सोडलीत तीच बाजू पहाटे फडफडायला लागते, त्यामुळे झोपायच्या आधी सगळ्या दोऱ्या एकदा ताणून बघाच.

आई-बाबांचं म्हणाल तर त्यांना कधी नेता त्यावर सगळं आहे. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत डास असतात, भर उन्हाळ्यात वारा पडला की खाडीकडच्या बाजूला उभं राहणं मुश्कील होतं, समुद्राकडे जरा बरं. जुलैत दुपारी तंबूत बसणं कोणालाच जमत नाही, वय कितीही असो. एप्रिल किंवा सप्टेंबरचा शेवट धरला तर गोष्ट वेगळी. माझ्या सासूबाई रत्नागिरीच्या, आयुष्यभर सूर्य समुद्रात बुडताना बघितलेला, इथे तो समुद्रातून वर येतो म्हणून पहाटे शाल गुंडाळून खुर्ची घेऊन बसल्या त्या चहाला हाक मारली तरी उठेनात. पण ज्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं किंवा खाली बसून उठताना गुडघे धरतात त्यांना वॉक-इन साइटवर नेऊ नका, हे मी स्पष्ट म्हणते. त्यांच्यासाठी शेजारीच अ‍ॅसटीग स्टेट पार्क आहे, तोच समुद्र, तेच घोडे, आणि तिथे कोमट पाण्याचे शॉवर आहेत, फ्लशचे संडास आहेत, काही साइट्सना वीजही आहे. म्हणजे सोय हवी त्यांची सोय त्याच बेटावर झालेली आहे, मग उरलेला किनारा तसाच राहू दे ना.

अलिबागच्या कॅम्पिंगला मी नावं ठेवत नाही, तिथे कुणाच्या तरी वाडीत चार घरांची चूल त्यावर पेटते. पण तो पाहुणचार आहे आणि हे दुसरं काहीतरी आहे, दोन्हींची तुलना नको.

आता गाजर. इथे मात्र मी एक पाऊल मागे येणार नाही. मेरीलँडच्या बाजूचे घोडे शंभराच्या आत आहेत आणि ते जंगली आहेत, खाऱ्या दलदलीतलं गवत खाऊन जगतात. एकाने गाजर दिलं की घोडा माणूस म्हणजे खाणं असं शिकतो, मग तो रस्त्याकडेला गाड्यांची वाट बघत उभा राहतो आणि गाड्यांखाली घोडे मेलेले आहेत तिथे. चिप नावाचा एक घोडा लोकांच्या खाण्याला इतका चटावला की तंबूंवर आणि माणसांवर धावून जायला लागला, शेवटी २०२२ मध्ये त्याला बेटावरून काढून टेक्सासला प्राण्यांच्या आश्रयस्थानात पाठवावं लागलं. चूक त्याची नव्हती. आमच्या शेजारच्या साइटवर टेबलावर ठेवलेली ब्रेडची पिशवी एका घोडीने दातांनी फाडलेली मी बघितली, प्लास्टिकसकट चावत होती, शिंगरू बाजूला उभं राहून बघत होतं, म्हणजे पुढची पिढी पण तयार. खाणं गाडीत कुलूपबंद, घोड्यांपासून ४० फूट लांब, आणि तो तुमच्याकडे आला तर तुम्ही मागे सरका.

शेवटचं, बुकिंगबद्दल विचारलंत ते. वॉक-इन साइट्सचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या वेबसाइटवर सहा महिने आधी उघडतं आणि शनिवार-रविवार भराभर जातात, मधले वार बघा. तुमच्या आई-बाबांचं परतीचं तिकीट ऑक्टोबरमधलं असेल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यासाठी स्टेट पार्कची विजेची साइट मिळते का ते आधी पाहा, त्यांना तिथे ठेवा आणि तुम्ही एक रात्र वॉक-इनवर काढा. वाळूचे पेग आमच्याकडे आहेत, हवे असतील तर सांगा.