"अकरा दिवस नमुना पाडून ठेवला" या अभिप्रायाला लॅबकडून उत्तर

नमस्कार.

तुम्हाला आमच्यामुळे मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तुमच्या गवताच्या तपासणीचा अहवाल लांबणार हे कळल्याबरोबर एक फोन करायला हवा होता. तो आमच्याकडून राहिला.

पण तुम्ही "अकरा दिवस नमुना पाडून ठेवला, मग अंदाजाने आकडे टाकले" असं लिहिलंय. ते वाचून रात्री झोप लागली नाही. आम्ही तिघंच ही लॅब चालवतो, आणि अशा एका वाक्यावर आमचं गिऱ्हाईक तुटतं. म्हणून दिवसांचा हिशेब इथेच मांडते.

तुमच्याच चिठ्ठीप्रमाणे गवत सोमवारी काढलं. ते आमच्या हातात आलं शुक्रवारी संध्याकाळी. चार दिवस पिशवी वाटेत होती, आणि तुम्ही ते आमच्या खात्यात धरलेत. प्लास्टिकची पिशवी गाठ मारून बंद होती. उघडली तेव्हा आत गरम वाफ आणि आंबूस वास होता. कापलेलं ओलं गवत श्वास घेतच राहतं, त्यातली साखर जळत जाते. म्हणूनच ऊर्जेच्या आकड्यावर "सावधगिरीने वापरावा" असा शेरा दिला. खनिजं मात्र कुजत नाहीत, त्यामुळे ती तपासण्यात अर्थ होता.

नमुना त्याच संध्याकाळी 60 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवला. वाळायला 48 तास लागतात. रविवारी सुट्टी असूनही मी स्वतः येऊन तो बाहेर काढला. सोमवारी दळला, मंगळवारी आम्लात विरघळवून आयसीपी यंत्रावर, म्हणजे खनिजं मोजणाऱ्या यंत्रावर, लावला. लोह आलं किलोमागे 1,850 मिलिग्रॅम. स्वच्छ गवतात ते साधारण 50 ते 300 च्या आसपास असतं. असा आकडा तसाच पाठवून दिला असता तर अहवाल वेळेत गेला असता. आम्ही तसं केलं नाही. बुधवार-गुरुवारी उरलेल्या भुकटीतून नव्याने नमुना घेऊन सगळं परत केलं, आणि आकडा जवळजवळ तोच आला. शुक्रवारी अहवाल पाठवला. कबूल केलेल्या पाच कामाच्या दिवसांऐवजी सहा झाले. तो एक दिवस आमचा, तो मी नाकारत नाही.

आता ते लोह आलं कुठून? गवत मुळासकट उपटलेलं होतं आणि मुळांना माती होती. मातीत वजनाने 3-4 टक्के लोह असणं ही नेहमीची गोष्ट आहे. 100 ग्रॅम सुक्या नमुन्यात 5 ग्रॅम माती गेली, तरी तेवढ्यानेच किलोमागे दीड-दोन हजार मिलिग्रॅम भर पडते. "धुऊन का नाही घेतलं?" असं तुम्ही विचारलंय. चार दिवस मेलेली पात धुतली की पोटॅशियम आणि सोडियम पाण्याबरोबर निघून जातात, मग ते आकडे खोटे ठरतात.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. तुम्ही अहवालाच्या पहिल्याच पानाचा फोटो टाकलात आणि लिहिलंत की तांबं किलोमागे 10 मिलिग्रॅम म्हणजे पुरेसं आहे, तरी तांबं कमी पडल्यासारख्या काळ्या गाई तांबूस पडल्यात, मग तपासणीचा उपयोग काय? दुसऱ्या पानावर मॉलिब्डेनम हे आणखी एक खनिज 4 आहे. तांबं-मॉलिब्डेनमचं प्रमाण अडीच झालं, ते 4 च्या वर असलं तर बरं. मॉलिब्डेनम आणि गंधक पोटात तांब्याला बांधून ठेवतात, मग चाऱ्यात असूनही ते जनावराच्या अंगी लागत नाही. जास्तीचं लोहही तेच करतं. गाई आखूड गवतावर चरत असतील तर त्यांच्याही पोटात माती जातेय. लोहाच्या ज्या आकड्याची तुम्ही थट्टा केलीत, तो कदाचित तुमच्याच कामाचा आहे.

तरीही डॉक्टरांकडून रक्त तपासून घेतल्याशिवाय तांबं सुरू करू नका. आणि त्याच कुरणात मेंढ्या आहेत असं तुम्ही लिहिलंय, त्यांना गाईंचं तांबं असलेलं खनिज मिश्रण अजिबात देऊ नका. मेंढीला तांब्याची विषबाधा लवकर होते. हे मी रागाने नाही, काळजीने सांगतेय.

आमच्या बाजूने, नमुना खराब आला तर लगेच कळवायची व्यवस्था करतोय, आणि नमुना कसा पाठवायचा याचं सूचनापत्रकही जरा सोपं करू.

तुमची पुढची तपासणी आम्ही विनामूल्य करून देऊ. जनावर जिथवर चरतं तिथूनच, पंधरा-वीस ठिकाणची पात हाताने खुडा. मुळं नकोत. कागदी पिशवीत भरून सोमवारी सकाळीच पाठवा, म्हणजे वाटेत सुट्टी येणार नाही. पोहोचल्याबरोबर मी स्वतः फोन करीन.

— लॅबची मालक