‘पोराला आयटीआयला घालतंय का कोण?’

गेल्या रविवारी सांगलीहून धाकट्या भावाचा मेसेज आला. दहावीला ७८ टक्के पडलेला माझा भाचा आयटीआयला फिटर ट्रेड घेणार म्हणून हटून बसलाय आणि घरात दोन दिवस कोणी धड जेवलेलं नाही. मी लिहिलं, घेऊ दे की. त्यावर उत्तर आलं, ‘आक्का, एवढे मार्क पडलेल्या पोराला आयटीआयला घालतंय का कोण? तुझं जर्मनीतलं इथं चालत नाही.’

जर्मनीतलं? आमचे आण्णा किर्लोस्करवाडीला फिटर होते. त्यांच्या पगारावर आम्ही दोघं शिकलो. सुट्टीच्या दिवशी पलूसच्या घरी अंगणात ते व्हाइसला लोखंडाची पट्टी लावून कानस मारत बसायचे. मधेच पट्टी काढायची, काटकोन तपासायचा गुण्या लावायचा आणि सूर्याकडं धरून एक डोळा मिटून बघायचं. गुण्याखालून उजेडाची बारीक रेघ दिसली की पट्टी परत व्हाइसला. भावानंही ते बघितलंय, माझ्या शेजारी बसूनच.

इथं जर्मनीत, हाइलब्रोनला, आमच्या कंपनीत दर सप्टेंबरला नवीन आझुबी, म्हणजे शिकाऊ पोरं, येतात. सोळा-सतरा वर्षांची पोरं, पहिले कित्येक आठवडे हातात कानस. पहिल्या वर्षी मी कामासाठी त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेले होते. तिथला माइस्टर, म्हणजे शिकवणारा उस्ताद, एका पोराचा ठोकळा गुण्याला लावून खिडकीच्या उजेडाकडं धरून उभा होता, एक डोळा मिटून. मला बाहेर जाऊन कॉरिडॉरमध्ये थांबावं लागलं. सांगलीच्या आयटीआयतही फिटरच्या पोराचा पहिला जॉब कानशीचाच असतो. मग यात तिकडचं काय आणि इकडचं काय?

कायद्याचंच बोलायचं तर आपला अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे आणि जर्मनीतला १९६९ चा. कर्मवीर भाऊराव तर त्याच्याही कितीतरी आधीचे. १९१९ ला कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. तिथली पोरं शेतात राबून, दगडमाती वाहून शिकली. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द मी जर्मनीत ऐकलेले नाहीत. आणि विट्याकडची गलाईवाली, सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारी पोरं? माझे मामा मिसरूड फुटायच्या आत तमिळनाडूत एका गलाईच्या दुकानात गेले. मुशीतल्या सोन्याचा रंग बघून ते काय ते सांगायचे. दिवाळीला गावी आले की ॲसिडनं पिवळी पडलेली त्यांची बोटं आम्ही हातात घेऊन बघायचो. पण त्यांच्या विद्येचा एक कागद कुणी कधी दिला नाही, आणि त्या वाफांनी छाती किती गेली हेही कुणी विचारलं नाही.

फरक पडतो तो इथं. जर्मनीतल्या पोराच्या हातात पहिल्या दिवसाआधी सही झालेला करार असतो. मेकॅनिकच्या कामाला साडेतीन वर्षं. २०२५ ला सुरू केलेल्याला पहिल्या वर्षी महिना किमान ६८२ युरो. आठवड्यातला एक-दोन दिवस बेरूफ्सशूलंला, म्हणजे धंदेशिक्षणाच्या शाळेला. बेरिष्टसहेफ्ट नावाच्या वहीत काय शिकलो ते त्यानं लिहायचं आणि शिकवणाऱ्यानं बघून सही करायची. शेवटची परीक्षा कंपनी घेत नाही, व्यापार-उद्योगांचं चेंबर घेतं. म्हणजे पोरगं नापास झालं तर ‘याला शिकवलं कुणी’ हा प्रश्न उठतो.

आपल्याकडं २०२४ ला राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. महिन्याला बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८, पदवीधराला १०. माझ्या चुलत बहिणीची मुलगी सातारा जिल्ह्यात एका कार्यालयात लागली. सहा महिने आवक-जावक रजिस्टर भरलं, शिक्के मारले, झेरॉक्स काढल्या. पुढं आणखी पाच महिने वाढवून दिले, त्यातही तेच. तू काय शिकलीस, हे अकरा महिन्यांत तिला एकानंही विचारलं नाही. अशी पोरं कायम करा म्हणून आंदोलनाला बसली तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर याच भावानं लिहिलं होतं, ‘फुकट पैसे घेतले, वर नोकरी पाहिजे.’ त्या पोरीच्या आयुष्यातलं एक वर्ष गेलं रे! ते फुकट घेतलं कुणी?

हे सगळं मी भावाला लिहायला घेतलं होतं. पाठवलं नाही, कारण त्याला माहीत नसलेली एक गोष्ट आहे.

२०१८ ला माझा मुलगा चौथीत होता. इथं चौथीनंतर शाळा बदलते, आणि बाईंनी शिफारस दहावीपर्यंतच्या रेआलशूलंची दिली. हाताचं काम चांगलं आहे, त्याला वेळ द्या, म्हणाल्या. तेव्हा शिफारस बंधनकारक नव्हती. आम्ही त्याला गिम्नाझियमला, म्हणजे विद्यापीठाकडं नेणाऱ्या शाळेला घातलं. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले, गावाकडं काय सांगायचं? पलूस सोडून तेव्हा मला बारा वर्षं झाली होती. मुलगा मात्र सातवीपासून ट्यूशनला जातोय, गणितात रडतोय.

दोन वर्षांपूर्वी शाळेचं प्राक्टिकुम, म्हणजे कामाचा अनुभव, त्यानं एका सुताराकडं केलं. आठवडाभर केसात भुसा घेऊन यायचा. शेवटच्या दिवशी एक स्टूल आणलं, एकही खिळा न मारता सांधलेलं. आण्णांनी ते उलटं करून सांधा न सांधा बघितला असता. मी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. आबिटूर, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, झाल्यावर त्याला टिशलरची आउसबिल्डुंग, म्हणजे सुतारकामाचं शिक्षण, करायची आहे. मी त्याला सांगितलं, आधी आबिटूर होऊ दे, मग बघू.

काल भाच्याचा फोन आला. ‘आत्ती, तू सांग ना पप्पांना. ते म्हणतात, आधी बारावी होऊ दे, मग बघू. तू सांगितलंस तर ऐकतील.’ मी हो म्हटलं.

फॉर्म भरायला आठवडा आहे. पण भावाला फोन लावायच्या आधी मला इथल्या पोराशी बोलायला पाहिजे. आज तो हँडबॉलहून साडेआठला येतो. कुंडी मी खाली उतरवून ठेवली आहे.