७०७५ ॲल्युमिनियम तडकतच नाही म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बडोद्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, मकरपुरा जीआयडीसीत वर्कशॉप असलेल्यांनीही पुढे ढकललाय. "७०७५-टी६ म्हणजे विमानाचं मटेरियल, ॲल्युमिनियम गंजत नाही, लोड नसेल तर पार्ट तडकणारच नाही, तडकला तर माल नकली, आणि भीती वाटत असेल तर ॲनोडायझिंग करून घ्या." ७०७५ हा ॲल्युमिनियमचा एक मजबूत मिश्रधातू, टी६ हा त्याचा टेंपर, म्हणजे गरम-थंड करून आणलेली अवस्था, आणि ॲनोडायझिंग म्हणजे विजेच्या मदतीने पृष्ठभागावर चढवलेला ऑक्साइडचा थर. नवीन मुलं हा मेसेज वाचून माल मागवतायत, म्हणून लिहितोय.

गंजत नाही म्हणे. लोखंडासारखा लाल गंज येत नाही हे खरंय, पण स्ट्रेस करोजनला, म्हणजे ताण आणि ओलावा मिळून धातूला तडा पाडतात त्याला, तो गंज लागतोच कुठे? पार्ट वरून चकचकीत असतो आणि आत ग्रेनच्या, म्हणजे धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, सीमांवरून तडा सरकत जातो, ओलाव्याची तिथे रिॲक्शन होते आणि त्यातून निघालेला हायड्रोजन धातूत शिरून सीमा ठिसूळ करतो. समुद्रकिनारा पाहिजेच असं नाही, मिठाने वेग वाढतो, पण आपल्याकडची पावसाळ्यातली दमट हवाही पुरते.

आणि ते "लोड नसेल तर" सगळ्यात घातक! क्वेंचिंगमधे, म्हणजे गरम धातू झटकन थंड करताना, आत राहिलेला ताण, भोकात दाबून घट्ट म्हणजे प्रेस फिट बसवलेला बुश, नीट न बसणारा पार्ट बोल्ट आवळून ओढून घेतलेला, हे सगळं मशीन बंद असलं तरी रात्रंदिवस ओढतच असतं. त्यात दिशा बघा. रोलिंगमधे ग्रेन चपटे होतात, म्हणून प्लेट जाडीच्या दिशेने ओढली की बहुतेक सीमा ताणाला आडव्या येतात. टी६ची यील्ड, म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो, ५०० एमपीएच्या आसपास, पण जाडीच्या दिशेत साधारण ५० एमपीए ताण कायम राहिला तरी तडा सुरू होऊ शकतो. दहावा हिस्सा! स्ट्रेंग्थचा आकडा बघून ग्रेड निवडणाऱ्याला हे कळणार कसं?

नकली मालाचं म्हणाल तर अस्सल, सर्टिफिकेटवाला टी६सुद्धा असाच तडकतो, उगाच सप्लायरशी भांडू नका.

ॲनोडायझिंगने फार तर उशीर होतो. आतला ताण तसाच राहतो, आणि कोटिंगला बारीक भेग पडली की ओलावा आत.

खरा इलाज टेंपर बदलायचा. टी७३ टेंपरचा माल दोन टप्प्यांत एज करतात, म्हणजे ठराविक तापमानाला तासन्‌तास ठेवतात, आधी साधारण १०७ अंश सेल्सिअसवर, मग १६० ते १७७च्या दरम्यान. स्ट्रेंग्थ १० ते १५ टक्के घटते, पण जाडीच्या दिशेत तडा सुरू होण्याची ताणाची मर्यादा ५०वरून ३०० एमपीएच्या घरात जाते. जाड प्लेट असेल तर टी७३५१ मागा, ती ताणून आतला ताण कमी केलेली असते, आणि ड्रॉइंगवर ग्रेनची दिशा बाणाने दाखवा.