दार आहे, पण ते साहेबांच्या केबिनमधून उघडतं

एखाद्या पोलिसाच्या आत्महत्येची बातमी आली की दोन दिवसांत एक मजकूर फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी सोडून दिला. पण परवा तो आमच्या पोलीस लाईनीतल्या जुन्या पोरांच्या ग्रुपवरही आला, खाली चार अंगठे घेऊन. मजकूर साधारण असा: पोलिसांसाठी आता समुपदेशन आहे, योगशिबिरं आहेत, रजाही वाढल्यात. त्रास होत असेल तर वरिष्ठांना सांगावं, मदत मिळते. तरीही कोसळतात ते घरच्या भानगडींमुळे. ज्याला मन सांभाळता येत नाही त्याने वर्दी उतरवावी. अशा माणसाच्या हातात पिस्तूल म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ.

माझे वडील हवालदार म्हणून निवृत्त झाले, भाचा आज शिपाई आहे. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

'वरिष्ठांना सांगावं' इथूनच सुरुवात करू, कारण सगळी गाठ तिथेच आहे. ज्या साहेबांना सांगायचं तेच रजा मंजूर करतात, तेच ड्युटी लावतात, कसुरी अहवाल तेच पाठवतात आणि वर्षाअखेरीचा गोपनीय अहवालही त्यांच्याच हातून लिहिला जातो. 'साहेब, झोप लागत नाही, डोकं चालत नाही' असं शिपायाने म्हणायचं, तर ते कोणत्या साहेबांनी ऐकायचं? साहेब भला असला तरी केबिनबाहेर ठाणं आहे, आणि ठाण्यात दुपारपर्यंत सगळ्यांना सगळं कळतं.

मी शाळेत असताना वडिलांनी विहिरीतून काढलेल्या एका लहान मुलाचा पंचनामा केला होता. त्यानंतर कित्येक रात्री ते अंगणातल्या खाटेवर नुसते बसून असायचे. शेवटी सिकवर गेले. सर्टिफिकेटवर काय होतं? पाठदुखी. पाठ दुखली तर कोणी हसत नाही. आमच्या लाईनीत निम्म्या माणसांची पाठ दुखायची. त्यातल्या किती पाठी खरंच पाठी होत्या, हे आता विचारायलाही उशीर झाला.

शिबिरांचं म्हणाल, तर ती होतात. भाच्याच्या ठाण्यात एकदा निरोप आला: समुपदेशनाचा कार्यक्रम आहे, दहा कर्मचारी पाठवा. रात्रपाळी उतरलेले दहा जण गेले, हजेरी लागली, फोटो निघाला, पंख्याखाली निम्मे झोपले. वक्त्याने शेवटी विचारलं, कोणाला काही बोलायचंय का? हॉलच्या मागच्या रांगेत त्यांचेच अधिकारी बसले होते. कोण बोलणार?

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 ने रुग्णाच्या माहितीला गोपनीयता दिली आहे. पण ती उपचार करणाऱ्याकडे पोचल्यावर लागू होते. तिथवर जायला रजा मागताना जे कारण सांगावं लागतं, ते कारण गुप्त राहत नाही.

न्यूयॉर्कच्या पोलिसांनी हा पेच 1996 मध्येच ओळखला होता. तिथे खात्याच्या बाहेर एक स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिचे स्वयंसेवक स्वतः पोलीसच, पण खात्याला त्या बोलण्याचा पत्ता नसतो. तरीही 2019 मध्ये त्या शहराने आपले 10 पोलीस आत्महत्येत गमावले आणि आयुक्तांना हे संकट आहे असं जाहीर म्हणावं लागलं. पुढे एका मोठ्या रुग्णालयाशी करार करून मोफत, गोपनीय उपचारांची सोय झाली. म्हणजे बाहेरचं दार एकटं पुरतं असं मी म्हणत नाही. पण ते नसेल तर बाकीचं सगळं फोटोपुरतं.

आता रजा. नैमित्तिक रजा 2022 मध्ये 12 वरून 20 झाल्या, हे खरं आणि चांगलंच. पण रजा वाढली कागदावर. ती द्यायला लागणारं मनुष्यबळ त्या आदेशाने वाढलं नाही. गणपती, मोहरम, निवडणूक, मोर्चा, व्हीआयपी दौरा, एक बंदोबस्त संपतो न संपतो तोच पुढचा. 2019 च्या देशव्यापी पोलीस-स्थिती अहवालात 21 राज्यांतल्या जवळपास 12,000 पोलिसांशी बोलून काढलेली सरासरी होती दिवसाला 14 तास काम. चारातल्या तिघांनी सांगितलं की कामाच्या या बोज्याचा शरीरावर आणि मनावर परिणाम होतोय.

यावर उत्तर शोधलं कोणी? समुपदेशकाने नाही. मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यातल्या एका शिपायाने. आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील याचं गणित मांडून तो थेट आयुक्तांपर्यंत पोचला. तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतलं, मे 2016 मध्ये देवनारला प्रयोग सुरू झाला आणि 2018 च्या सुरुवातीला शहरभर गेला. कोविडने ती घडी विस्कटली. पण हे करता येतं, हे तेव्हा दिसलं. ज्या मागणीसाठी इतर कुठल्याही नोकरीत संघटना भांडते, ती मागणी इथे एका शिपायाला वैयक्तिक धाडसावर न्यावी लागली. 1966 च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना करण्यावर निर्बंध आहेत, आणि ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईत शिपायांची संघटना कशी मोडून काढली ते लाईनीतल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं.

'घरच्या भानगडी' यावर फार शब्द घालवत नाही. आत्महत्येला एकच कारण क्वचितच असतं. आणि मुलीच्या वाढदिवसाला सलग सहा वर्षं बंदोबस्तावर असलेल्या माणसाच्या घरी कुरबुर झाली, तर ती फक्त घरची कशी?

'वर्दी उतरवावी' म्हणणाऱ्यांना मात्र सर्वोच्च न्यायालयाचा 17 डिसेंबर 2021 चा निकाल दाखवावा लागेल. प्रकरण सीआरपीएफच्या एका अधिकाऱ्याचं. मानसिक आजारावर त्यांचे उपचार चालू होते. आरोप असा की मारीन किंवा मरेन असं ते बोलले. शिस्तभंगाची चौकशी लागली. न्यायालयाने म्हटलं, मानसिक दिव्यांगत्व असलेल्या माणसावर अशी कारवाई सुरू करणं हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे. कारवाई रद्द झाली. शस्त्र हाताळावं लागणार नाही असं दुसरं काम खात्याने द्यावं, पण पगार आणि सेवेचे लाभ कायम ठेवावेत, असं ठरलं. म्हणजे फॉरवर्डवाल्यांच्या पिस्तुलाच्या काळजीलाही त्याच निकालात उत्तर आहे, आणि त्यासाठी कोणाची नोकरी घ्यावी लागली नाही.

ती काळजी खोटी नाही, एवढं मी मान्य करतो. अडचणीतल्या माणसापासून शस्त्र काही काळ लांब ठेवणं हा जीव वाचवायचा खात्रीचा मार्ग आहे. आपल्याकडे बहुतेक शिपाई ड्युटीपुरतं शस्त्र घेतात आणि परत जमा करतात. रजिस्टर आहे, सह्या आहेत. हात प्लास्टरमध्ये असलेल्याला कोणी रायफल देत नाही आणि त्यात त्याची बदनामीही होत नाही. मनासाठी तेच करायचं. पण शस्त्र काढलं की शेरा, शेरा आला की बढती गेली, अशी साखळी असेल तर 'माझं शस्त्र थोडे दिवस ठेवा' असं स्वतःहून म्हणणारा पहिला माणूस तुम्हाला कधीच भेटणार नाही. म्हणजे धोका आहे तिथेच, फक्त लपलेला.

ग्रुपवर एकाने लिहिलं, एवढं सगळं खात्याला कसं झेपणार? एप्रिल 2020 मध्ये कोरोनाने सहकारी जायला लागले, तेव्हा मुंबई पोलिसांनी 55 वर्षांवरच्यांना घरी थांबायला सांगितलं होतं. शहर टाळेबंदीत, माणूस कमी, तरी झेपलं.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. अंगठे दोनच आले. रात्री साडेअकराला मात्र लाईनीतल्या एका जुन्या मित्राचा वेगळा मेसेज आला. आता तोही खात्यात आहे. 'ते टेलिमानसचं 14416, तिथे फोन केला तर ठाण्यात कळतं का रे?'

नाही कळत, मी लिहिलं. ती सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, खात्याचा नंबरच नाही. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि मग लगेच त्यालाच फोन लावला.