लेबलवरची विधवा

परवा भाचीच्या लग्नात एकाच दिवशी दोन गोष्टी पाहिल्या. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितेय.

सकाळी घाणा भरायला सवाष्णी बोलावल्या. नवरीला लहानपणापासून जिनं अंगाखांद्यावर वाढवलं, ती माझी मावशी आपणहून उठली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. "जा" कुणी म्हटलं नाही, पण "थांब" असंही कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी रिसेप्शनला नवरदेवाच्या लंडनच्या मित्रानं शॅम्पेन आणली होती. पिवळं लेबल. सगळे मोबाईल वर धरून बूच उडायची वाट बघत होते, मी लेबल वाचत होते: व्हव क्लिको पाँसार्दां. फ्रेंचमध्ये 'व्हव' म्हणजे विधवा. सकाळी ज्या शब्दाला मांडवात जागा नव्हती, तो संध्याकाळी स्टेजवर, नवरा-नवरीच्या मधोमध!

ही बाई म्हणजे बार्ब-निकोल, फ्रान्सच्या रँस शहरातल्या कापड व्यावसायिकाची मुलगी. १८०५ साली नवरा वारला तेव्हा ती २७ वर्षांची, पदरात सहा वर्षांची लेक. नेपोलियनच्या कायद्यानुसार लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय धंदा करता येत नसे, विधवेला मात्र येत असे. तिनं सासऱ्याला सांगितलं, वाईनचा धंदा मी चालवते. सासऱ्यानं पैसा घातला. हा सासरा मला फार मोठा माणूस वाटतो. पुढं युद्धं, बंदरांची नाकेबंदी, माल पडून. १८१४ मध्ये वारं फिरतंय हे दिसताच तिनं इतर व्यापारी हलायच्या आत दहा हजारांवर बाटल्या जहाजानं रशियाकडे रवाना केल्या, आणि तिथं तिचं नाव झालं.

पण तिचं खरं काम तळघरातलं. शॅम्पेनमध्ये बुडबुडे वरून भरत नाहीत. तयार वाईनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. ती आतल्या आत पुन्हा आंबते आणि वायू कोंडला जातो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त दाबानं. पण मेलेल्या यीस्टचा साकाही आतच राहतो. काढायला जावं तर बुडबुडे जातात, ठेवावा तर वाईन गढूळ. असं सांगतात की, तिनं स्वयंपाकघरातलं टेबल तळघरात नेलं, त्याला भोकं पाडून घेतली आणि बाटल्या तोंडाकडून त्यात खोचल्या. रोज प्रत्येक बाटलीला थोडा पीळ द्यायचा, हळूहळू उलटी उभी करत न्यायची. काही आठवड्यांत सगळा साका बुचापाशी गोळा होतो. बूच काढलं की आतल्या दाबानंच तो बाहेर फेकला जातो. १८१६ च्या सुमाराची ही युक्ती. आज बहुतेक ठिकाणी बाटल्या यंत्र फिरवतं, पण युक्ती तीच.

आणि जगाला नाव माहीत आहे दों पेरिन्यों या साधूचं. द्राक्षांचं मिश्रण साधण्यात तो वाकबगार होता, मान्य. पण बुडबुडे त्याच्या काळी वाईनमधला दोष मानत, तो ते टाळायला धडपडायचा. "तारे चाखतोय" हे त्याचं म्हणून सांगितलं जाणारं वाक्य जाहिरातवाल्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्याच्या तोंडी घातलं.

शॅम्पेन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पुरुषच येतात. १९६७ साली फ्रान्समधली ल मांची मोटारशर्यत जिंकून डॅन गर्नीनं बाटली हलवून गर्दीवर उडवली, ती रीतच पडली. आपल्याकडे तर शॅम्पेन म्हणजे १९८३, लॉर्ड्सची गॅलरी आणि कपिल. तो क्षण मलाही जिवापाड प्रिय आहे. पडद्यावरचा जेम्स बाँड बोलिंजर नावाची शॅम्पेन पितो. दुसऱ्या महायुद्धात सायकलवरून द्राक्षमळे फिरून ती बोलिंजर सांभाळणारी लिली, तीही विधवा. पाकासारख्या गोड शॅम्पेनच्या जमान्यात १८७४ ला कोरडी 'ब्रूट' काढणारी लुईझ पोमेरी, तीही विधवाच. सिनेमावाल्यांनी यांना का नाही दाखवायचं?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आमच्या घरातल्या निम्म्या लोकांनी तो स्टेटसला ठेवला होता. त्याच घरात मावशी मागच्या खोलीत बसली, याचा मला संताप येतो.

रात्री रिकामी बाटली घेऊन तिच्यापाशी गेले आणि सगळं सांगितलं. तिनं चष्मा लावला, लेबलवरून बोट फिरवलं.

"मुलगी केवढी होती म्हणालीस?"

"सहा वर्षांची."

बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सासरा पाठीशी होता गं तिच्या."

पुढच्या महिन्यात माझ्या लेकीचा साखरपुडा आहे. पहिलं औक्षण मावशी करणार. नातेवाईकांपैकी कुणाला चालणार नसेल तर त्यांनी मला आत्ताच फोन करावा.