माझ्या मुलांना मोबाइल नको, शर्यत दाखवा

शर्यतीच्या मैदानावर लहान मुलांना घेऊन येणाऱ्या आईला जो एकच सल्ला दिला जातो, तो मी गेली तीन वर्षे ऐकत आले आहे आणि यापुढे तो मुकाट्याने ऐकून घेण्याची माझी तयारी नाही. ‘बाय, ताका मोबायल दी मगे, ओगी रावतलो.’ म्हणजे त्याला मोबाइल दे ना, गप्प राहील. गेल्या जानेवारीत गोव्यात बार्देशातील एका माळावर मोटारसायकलींच्या डर्ट ट्रॅक शर्यती झाल्या, तेव्हा हे वाक्य मला एका दिवसात चार वेगवेगळ्या माणसांनी ऐकवले. त्यांपैकी एकाच्या गळ्यात आयोजकांचे ओळखपत्र होते. माझा तीन वर्षांचा मुलगा तेव्हा रडत होता, कारण दीड तास उन्हात थांबूनही त्याला एकही गाडी दिसली नव्हती, नुसता तिचा आवाज कानांवर आदळत होता. जे पाहायला त्याला आणले ते दिसत नाही, म्हणून त्याच्या हातात मोबाइल द्यायचा असेल, तर तो त्याने फोंड्याला घरी बसून पाहिला असता. त्यासाठी तिकिटाचे पैसे मोजून, रविवारची सकाळ खर्चून, दोन मुलांना घेऊन इतक्या दूर येण्याचे मला काहीच कारण नव्हते.

शर्यतींचे वेड मला नवऱ्याकडून आलेले नाही. हे सांगावे लागते, कारण मैदानावर प्रत्येक जण मला ‘भाऊ कुठे आहेत?’ असे विचारतो. ‘भाऊ’ वेर्ण्याला कारखान्यात रविवारच्या पाळीवर होते, आणि त्यांना या खेळात फारसा रसही नाही. २००५ च्या मार्चमध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघाच्या गाडीतून मेलबर्नला उतरला आणि फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय ठरला, तेव्हा मी दहावीत होते आणि त्या रविवारी सकाळी पुस्तक मिटून टीव्हीसमोर बसले होते. तेव्हापासून हा खेळ मी सोडलेला नाही. कायमस्वरूपी सर्किटवरची शर्यत पाहायची तर आम्हा गोमंतकीयांना चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई किंवा कोइम्बतूर गाठावे लागते, आणि दोन लहान मुलांसह तेवढा प्रवास सध्या मला शक्य नाही. म्हणूनच आपल्या राज्यात, मातीच्या ट्रॅकवर का होईना, शर्यत होणार असे कळले की मी सर्वांत आधी तिकीट काढते. माझ्या सहा वर्षांच्या मुलीलाही त्याची गोडी लागावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ असे छापले होते आणि तीन वर्षांवरील मुलांना अर्धे तिकीट होते. म्हणजे मुले येणार हे आयोजकांना माहीत होते, इतकेच नव्हे तर त्यांनी त्याचे पैसेही घेतले होते. तरीही प्रवेशद्वारावर पहिली गोष्ट घडली ती ही, की माझ्या पिशवीतून मुलांचा खाऊचा डबा बाहेर काढण्यात आला. त्यात पोळ्यांच्या गुंडाळ्या होत्या, चार सालदाटी केळी होती आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. बाहेरचे काही आत नेता येणार नाही, असा नियम असल्याचे मला सांगण्यात आले. बरोबर आलेल्या माझ्या भावाने पंधरा मिनिटे हुज्जत घातल्यावर एक बाटली परत मिळाली. आत पाहावे तर बर्गर, तिखट चिप्स, शीतपेये आणि बिअर. तीन वर्षांच्या मुलाने यांतले काय खायचे? भुकेले मूल कोणत्याच करमणुकीने शांत होत नाही, हे ज्याने घरात एक मूल वाढवले आहे त्याला कळते. नियम करणाऱ्यांपैकी एकालाही ते कळू नये, याचा मला आजही संताप येतो.

पण खाण्यापेक्षाही मोठी गोष्ट दिसण्याची आहे, आणि त्याबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे. गोव्यात कोणत्याही गावी देवळात कालोत्सवाचे नाटक असते, तेव्हा मुलांना कुठे बसवतात? रंगमंचासमोर, सर्वांत पुढे, चटईवर. मोठी माणसे मागे खुर्च्यांवर बसतात. ही व्यवस्था कुणी कागदावर लिहून ठेवलेली नाही. जो उंचीने लहान त्याला पुढे जागा द्यावी, एवढी साधी समज तिच्यामागे आहे. रात्री दोन वाजेपर्यंत पाच-सहा वर्षांची मुले डोळे फाडून राजाची तलवार पाहत असतात आणि त्यांच्या करमणुकीची वेगळी सोय कुणाला करावी लागत नाही. शिगमोत्सवाच्या चित्ररथांच्या मिरवणुकीतही दोरीला लागून मुलेच उभी असतात. त्या माळावर मात्र उलट होते. सुरक्षेसाठी ट्रॅकपासून अंतर राखून बॅरिकेड लावलेले होते, ते योग्यच होते आणि त्याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. तक्रार आहे ती बॅरिकेडवर पत्र्याचे फलक बांधून माणसाच्या छातीपर्यंतची उंची प्रायोजकांच्या जाहिरातींनी झाकून टाकण्याची. साडेतीन फुटांच्या मुलीला त्या पत्र्यापलीकडचे काय दिसणार? उताराचा जो भाग होता, जिथून बसल्या बसल्या पूर्ण ट्रॅक दिसला असता, तो खास पाहुण्यांसाठी राखून ठेवला होता आणि दुपारपर्यंत तिथल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दिवसभर भावाने आणि मी आळीपाळीने दोन मुलांना खांद्यावर घेतले. त्यातही मागच्यांनी ‘खाली उतरवा, आम्हाला दिसत नाही’ म्हणून ओरडायचे, आणि त्यांचेही चुकत नव्हते, कारण तिकीट त्यांनीही काढले होते.

वेळापत्रक मागितले तर कुणाकडे नव्हते. नऊला सुरू होणार म्हणून सांगितलेली पहिली शर्यत सव्वाअकराला सुटली. मी घड्याळ लावून मोजले: संध्याकाळपर्यंत नऊ शर्यती झाल्या आणि त्यांतली सर्वांत लांबलेली सात मिनिटांत आटोपली. म्हणजे जवळजवळ सात तासांच्या मुक्कामात प्रत्यक्ष गाड्या धावल्या त्या तासाभरापेक्षाही कमी वेळ. या खेळात मधला वेळ लागतोच, हे मला कळते. मातीचा ट्रॅक उखडतो, तो सारखा करावा लागतो, जांभ्याची तांबडी धूळ बसवण्यासाठी टँकरने पाणी मारावे लागते, पडलेल्या स्वाराला तपासावे लागते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ते सांगा. पुढची शर्यत चाळीस मिनिटांनी आहे असे कळले, तर आई मुलांना सावलीत नेऊन बसवील, शौचाला नेऊन आणील, थोडे झोपवील. ‘आता सुटणार, आता सुटणार’ असे ध्वनिवर्धकावरून तासभर ओरडत राहिले, तर तिला जागचे हलता येत नाही आणि मूल तिच्या कडेवर उन्हात करपत राहते.

त्या दिवशी माझ्या मुलाला सर्वांत जास्त कशाने रमवले असेल, तर त्या पाण्याच्या टँकरने. वळणावर टँकर आला की तो रडणे विसरून टाळ्या पिटायचा. ‘आई, टँकर परत कधी येणार?’ असे त्याने मला किती वेळा विचारले त्याची गणती नाही. यावरून कुणाच्या काही लक्षात यायला हवे होते. मुलाला कंटाळा मैदानाचा येत नाही. तिथे यंत्रे आहेत, चिखल आहे, हेल्मेट घातलेली माणसे आहेत, हातात झेंडे घेतलेले मार्शल आहेत, सुटे चाक खांद्यावर घेऊन पळणारा मेकॅनिक आहे. तीन वर्षांच्या मुलाला याहून अधिक काय हवे? त्याला हे दिसावे आणि कुणीतरी दोन शब्दांत समजावून सांगावे, इतकेच हवे असते.

मुलीसाठी मी आदल्या रात्री तयारी केली होती. जुन्या कापडाचे झेंडे शिवून तिला त्यांचे अर्थ शिकवले होते: हिरवा म्हणजे मार्ग मोकळा, पिवळा म्हणजे पुढे धोका आहे आणि ओलांडून जायचे नाही, लाल म्हणजे शर्यत थांबवली, काळ्यापांढऱ्या चौकटींचा म्हणजे शर्यत संपली. ऐश्वर्या पिस्से या बंगळूरच्या मुलीने २०१९ मध्ये बाजा म्हणजे खडबडीत, वाळवंटी प्रदेशातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या जागतिक मालिकेत महिलांचे विजेतेपद मिळवले, ही गोष्ट तिला पाठ आहे, आणि ‘यात मुली किती आहेत?’ हा तिचा मैदानावरचा पहिला प्रश्न होता. मी एका कागदावर चौकोन आखून आणले होते. प्रत्येक स्वाराचा क्रमांक लिहायचा आणि तो आपल्यासमोरून गेला की खूण करायची, असा साधा खेळ होता. त्यासाठी मला सहभागी स्वारांची यादी हवी होती. ती मी प्रवेशद्वारावर मागितली, माहिती कक्षात मागितली, निवेदकाच्या मंचाजवळ जाऊन मागितली. तिन्ही ठिकाणी माझ्याकडे असे पाहण्यात आले, जणू मी काही भलतेच मागते आहे. क्रिकेटच्या सामन्यात खेळाडूंची नावे प्रेक्षकांना कळत नाहीत, असे कधी झाले आहे का? आपण नेमके कुणाला पाहतो आहोत हे मोठ्यांनाही कळत नव्हते. निवेदकाला प्रायोजकांची नावे मात्र तोंडपाठ होती. दिवसअखेर माझ्या मुलीच्या कागदावर तीन क्रमांक होते.

आता कानांविषयी. आवाजाच्या बाबतीत कामगारांसाठी जी मर्यादा तज्ज्ञ सांगतात, ती ८५ डेसिबलला आठ तासांची आहे आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. ही मर्यादा मोठ्या माणसांसाठी आहे. मोबाइलवरील मापकाचे आकडे काटेकोर नसतात हे मान्य करूनही सांगते, की गाड्या सुटताना तो शंभराच्या वरच राहत होता. मी दोन्ही मुलांना कान पूर्ण झाकणारे इअरमफ घातले होते. आजूबाजूच्या वीस-पंचवीस मुलांपैकी एकाही मुलाच्या कानावर काही नव्हते. एकदोघांच्या कानांत कापसाचे बोळे होते, ज्यांचा फारसा उपयोग होत नाही. लहान मुलांना फोमचे बोळेही देता येत नाहीत, कारण ते तोंडात घालून घशात अडकण्याची भीती असते. दुकाने लावायला आलेल्यांमध्ये टोप्या विकणारे होते, चष्मे विकणारे होते, पण मुलांचे इअरमफ विकणारा किंवा भाड्याने देणारा कुणी नव्हता. आणि यावर कळस म्हणजे दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत, जेव्हा कानांना विसावा मिळायला हवा, तेव्हा डीजे सुरू व्हायचा. त्याचे कर्णे कुटुंबांसाठी म्हणून ठेवलेल्या मंडपाच्या दिशेनेच वळवलेले होते. आवाज कमी करा म्हणून मी स्वतः जाऊन सांगितले. ‘वहिनी, लोकांचा मूड जातो,’ असे उत्तर मिळाले.

मुलांसाठी सोय होती, असे आयोजक म्हणतील. होती. मैदानाच्या अगदी मागच्या टोकाला, जनरेटरच्या शेजारी, हवा भरून फुगवलेला एक किल्ला ठेवला होता आणि त्यात दहा मिनिटे उड्या मारण्याचे दीडशे रुपये होते. तिथून ट्रॅक दिसत नव्हता. जनरेटरचा धूर थेट मुलांच्या नाकातोंडात जात होता. म्हणजे मुलांनी शर्यत पाहायचीच नाही आणि त्यांच्याबरोबर थांबावे लागते म्हणून त्यांच्या आयांनीही पाहायची नाही, असा त्या सोयीचा सरळ अर्थ होतो. मी तिथे गेले तेव्हा रांगेत अकरा बायका उभ्या होत्या आणि एकही पुरुष नव्हता. त्यांच्यातील एकीने मला सांगितले, की सकाळपासून तिने एकही शर्यत पाहिलेली नाही. तिचा भाऊ त्या दिवशी स्वार म्हणून धावत होता.

लहान मुलांना अशा ठिकाणी आणूच नये, असे मला सांगणारेही भेटतात. मग अर्धे तिकीट विकू नका, ‘कुटुंबासाठी’ असे छापू नका. आणि या खेळाला पुढचे स्वार कुठून मिळणार आहेत, याचेही उत्तर द्या. फॉर्म्युला वनचा विश्वविजेता ठरलेल्या लुईस हॅमिल्टनने आठव्या वर्षी कार्ट, म्हणजे शर्यतीची छोटी गाडी, चालवायला सुरुवात केली होती. जो त्या वयात धावू लागतो, त्याने त्याच्या आधी कुठेतरी कुंपणाला नाक लावून शर्यत पाहिलेली असते. आपल्याकडे त्या कुंपणावर पत्रा ठोकलेला आहे.

मी आयोजकांना सविस्तर पत्र लिहिले. मुलांसाठी उतारावर चार रांगा राखून ठेवा, फलक बॅरिकेडच्या खालच्या भागातून काढा, खाऊ आणि पाणी आत येऊ द्या, पुढच्या शर्यतीची वेळ फळ्यावर लिहा, स्वारांची यादी छापून द्या, आणि मधल्या वेळेत डीजे बंद ठेवा, एवढेच त्यात होते. यांतील बहुतेक गोष्टींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. दोन आठवड्यांनी उत्तर आले: आपल्या सूचनेची दखल घेतली असून पुढील वर्षी मुलांसाठी आणखी मोठा किल्ला आणण्यात येईल.

पुढील शर्यतींची जाहिरात आता आली आहे. तिच्यावर ‘संपूर्ण कुटुंबासाठी’ हे शब्द पुन्हा आहेत. काल मी दिलेल्या क्रमांकावर फोन केला आणि स्वारांची यादी कधी मिळेल असे विचारले. यादी कशाला हवी, असे पलीकडच्या मुलाने विचारले. माझ्या मुलीला हवी आहे, ती सहा वर्षांची आहे, असे मी सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘वहिनी, लहान मुलांसाठी आमच्याकडे किल्ला आहे.’ किल्ला नको, यादी हवी, असे मी त्याला पुन्हा सांगितले आहे आणि सोमवारी मी पुन्हा फोन करणार आहे.