कुत्र्यांच्या जाहिरातीला अकरा माणसं

प्रश्न असा होता: आजवर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, संघ ज्या गावात होता, त्यांतलं सगळ्यांत छोटं गाव कोणतं? मी म्हणालो, लारू, ओहायो. कोजागरीची क्विझ घेणाऱ्या काकांनी हातातला कागद पाहिला, मग मला पाहिलं, 'चूक! ग्रीन बे!' असं जाहीर केलं आणि बाकरवडीचं पाकीट शेजारच्या टेबलावर गेलं. ग्रीन बे लाखभर वस्तीचं शहर आहे. लारूची वस्ती तेव्हाही हजाराच्या आत होती, आजही आहे. आणि आम्ही मसाला दूध पीत बसलो होतो कोलंबसमध्ये, जिथून लारू गाडीनं जेमतेम तासाभरावर!

हरकत घेतली. काकांनी ती माइकवरच ऐकून घ्यायचं ठरवलं.

"संघाचं नाव?"

"ऊरँग इंडियन्स. १९२२ आणि १९२३, दोन सीझन."

"ओरांगउटान?"

"ऊरँग, काका. कुत्र्यांच्या केनेलचं नाव आहे."

"फुटबॉलच्या टीमला केनेलचं नाव?"

"मालकाचा धंदाच तो होता. वॉल्टर लिंगो. एअरडेल टेरियर जातीची कुत्री टपालानं ऑर्डर घेऊन विकायचा."

"बरं. ह्यांचं मैदान कुठे होतं लारूत?"

"मैदान नव्हतं."

पहिला हशा. काकांना सूर सापडला.

"मग होम गेम?"

"दोन वर्षांत वीस सामने झाले, त्यांतला एकच 'घरचा'. तोही शेजारच्या मॅरियन गावात."

"पण निदान पोरं तरी लारूची?"

"नाही. सगळे मूळनिवासी अमेरिकन. वेगवेगळ्या जमातींचे, बाहेरून आणलेले."

"म्हणजे गाव आहे, गावात मैदान नाही, टीममध्ये गावचा माणूस नाही, आणि टीम मात्र गावाची. लीगनं घेतली कशी?"

"शंभर डॉलर भरून."

"एनएफएलची टीम? शंभर डॉलरला?"

"हो. एअरडेल दीडशेला होतं."

यावर पहिल्या रांगेतल्या एक काकू, ज्यांचा क्विझशी तोवर काहीच संबंध नव्हता, मागे वळून म्हणाल्या, "बरोबरच आहे. आमच्या गोल्डनडूडलला तीन हजार पडले." मग चर्चा गोल्डनडूडलच्या केसांवर गेली ती परत आलीच नाही. काका निघता निघता पाठीवर थाप मारून म्हणाले, "अरे, उत्तर येत नसेल तर पास म्हणावं, गोष्टी रचू नयेत."

राग त्याचा आहे. यातलं काहीही रचायची सोय नाही. १९२२ची एनएफएल काय चीज होती हे कुणी बघतच नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९२०मध्ये, कॅन्टन गावातल्या मोटारींच्या शोरूममध्ये या लीगचा जन्म झाला. बसायला खुर्च्या कमी पडल्या म्हणून संघांचे मालक गाड्यांच्या पायपट्ट्यांवर टेकले होते. लीगचा पहिला अध्यक्ष जिम थॉर्प. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन दोन्हींत सुवर्ण मिळवलेला हा माणूस, आधी कधीतरी चिल्लर पैशांसाठी बेसबॉल खेळला म्हणून ज्याची पदकं वर्षभरात काढून घेतली गेली. त्याचा पुरस्कार एवढाच की लीगचा कारभार त्याच्या हाती दिला, जो त्याला जमण्यासारखा नव्हताच. वर्षभरात अध्यक्ष बदलला.

लिंगो आणि थॉर्प शिकारीचे सोबती. लिंगोचं गणित सरळ होतं: कुत्री विकायची तर शहरोशहरी दाखवायला हवीत, आणि फुटबॉलचा संघ दर रविवारी नव्या शहरात जातो. वर त्याची अशी ठाम समजूत की मूळनिवासी माणसाचं आणि जनावराचं काहीतरी गूढ नातं असतं. थॉर्पला खेळाडू-कोच म्हणून आठवड्याला पाचशे डॉलर ठरले. त्यात केनेलची कामंही आली. बाकीच्या पोरांनाही सरावासोबत कुत्री सांभाळणं होतंच. आठवड्याचा सराव अर्धा टॅकलिंगचा आणि अर्धा पट्टे धरून पळण्याचा असेल, तर रविवारी काय होणार?

पहिल्याच सामन्यात डेटननं ३६-० धुतलं. मग कोलंबसला २०-६ हरवलं, तोच तो मॅरियनचा होम गेम. पुढे ॲक्रननं ६२-०. पहिला सीझन संपला तेव्हा नऊ सामने, तीन विजय, ६९ गुण केले आणि १९० दिले. तीनपैकी दोन विजय कोलंबसवर, म्हणजे आमच्याच शहराला दोनदा हरवलेल्या संघाचं नाव आमच्याच हॉलमध्ये कुणी ऐकलेलं नाही. असो.

हरण्याचं कारण म्हणून लोक आळस आणि दारू सांगतात. किस्से आहेतच: शिकागोत बारवाला दुकान बंद करायला लागला तर त्याला टेलिफोन बूथमध्ये कोंडून पोरं पीत बसली, सेंट लुइसमध्ये ट्रॉली उलट्या दिशेला निघाली होती तर ती उचलून फिरवली. पण कोणी मध्यंतराचा हिशेब करत नाही. तेव्हा बदली खेळाडूंचे नियम कडक होते. तेच अकरा जण चढाई करणार, तेच बचाव करणार. डोक्यावर चामड्याची टोपी, तीही सगळे घालत नसत. फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू पुढे फेकणं, तर डाव सुरू होतो त्या रेषेच्या पाच यार्ड मागूनच, त्यामुळे बहुतेक खेळ म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या ढिगात घुसणं. असा अर्धा सामना झाला की दुसरा संघ खाली बसतो, पाणी पितो, घोटे बांधून घेतो. ऊरँगची पोरं मात्र कपडे बदलून पुन्हा मैदानात! कुत्री निशाण्यावर पाडलेल्या वस्तू उचलून आणणार. पोरं नाचणार, टॉमहॉक आणि सुऱ्या फेकणार. मग पहिल्या महायुद्धाचा देखावा, त्यात एअरडेल जखमी सैनिकांना प्रथमोपचार पोचवणार. आणि निक लासा, जो सकाळी हलवून हलवूनही उठत नसे म्हणून 'लाँग टाइम स्लीप' या नावानं ओळखला जायचा, तो अस्वलाशी कुस्ती खेळायचा. खऱ्या अस्वलाशी. त्यानंतर शिट्टी वाजायची आणि लासानं समोरच्यांना अडवणाऱ्या पुढच्या फळीत उभं राहायचं.

म्हणजे दमलेला संघ दुसऱ्या अर्धात दमून खेळतो, यात रहस्य काही नाही. लोकांना सामन्याचं फार पडलेलंच नव्हतं. मध्यंतर हाच खेळ, आणि खेळ हे मध्यंतर. संघातला क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रं हलवणारा, लिऑन बाउटवेल याचं म्हणणं पुढे नोंदलं गेलं: गोऱ्यांना आम्ही जंगली वाटायचो, प्रत्यक्षात आमच्यातले जवळपास सगळे कॉलेजात शिकलेले होते. मग त्याच समजुतीचं निमित्त साधून धुमाकूळ का घालू नये, असा त्याचा सूर. हे वाचून मला हसू येतं आणि लगेच येईनासं होतं.

दुसऱ्या सीझनचं तर विचारू नका. बफेलोकडून ५७-० हार. कॅन्टनकडून ४१-०. आणि शिकागो बेअर्सविरुद्धचा नोव्हेंबरमधला चिखलातला सामना. ऊरँग गोलरेषेपाशी पोचले, टचडाउन दोन यार्डांवर, चेंडू थॉर्पच्या हातात. ओला, चामड्याचा, तेव्हाचा गुबगुबीत चेंडू. त्यात समोरून धडक बसली आणि तो सुटला. बेअर्सचा मालक-कोच-खेळाडू जॉर्ज हॅलसनं उचलला आणि पळत सुटला. मागे थॉर्प. वय पस्तिशीचं, पण ऑलिंपिकचा धावपटू. हॅलस सरळ पळाला असता तर सापडला असता. तो नागमोडी पळत राहिला आणि ९८ यार्ड काढून टचडाउन करून बसला. सुटलेला चेंडू उचलून पळण्याचा हा विक्रम १९७२पर्यंत टिकला. आजही तो हॅलसच्या पराक्रमात मोजतात. सामना २६-०.

अकरापैकी एकच सामना जिंकला, लुइव्हिलवर १९-०. शेवटच्या सामन्यात शिकागो कार्डिनल्सकडून २२-१९, म्हणजे सगळ्या वर्षात सर्वांत चुरशीची हार, आणि तोवर बघायला येणारे कमी झालेले. एकाच शहरानं तोच नाच पुन्हा पैसे देऊन का बघावा? जाहिरात चालेनाशी झाली तेव्हा लिंगोनं संघ बंद केला.

थॉर्प आणि संघातलाच जो गायॉन १९२४मध्ये रॉक आयलंडच्या संघाकडून खेळायला गेले, आणि गायॉन तर १९२७मध्ये न्यूयॉर्क जायंट्सबरोबर विजेताही झाला. मध्यंतरात तिथे खाली बसायची मुभा होती.